पाचवी ओळ

मैदानांच्या आणि बागांच्या फाटकावरच्या पाट्या हा मराठीतला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानायला हरकत नाही. त्याचं व्याकरण ठरलेलं आहे. क्रियापद शक्यतो नसतंच, असलं तर ‘करू नये’. ‘सक्त’ हे विशेषण ‘मनाई’शिवाय दुसरीकडे कुठे जगताना मी पाहिलेलं नाही. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवल्यामुळे अशी पाटी दिसली की माझे पाय आपोआप थांबतात, आणि आमची ही पुढे निघून जाते.

आमच्या कॉलनीच्या मैदानावर अशी एक पाटी आहे. पहिल्या चार ओळी जुन्या. कुत्री आणू नयेत, झाडांची फुले तोडू नयेत, वाहने आत लावू नयेत, कचरा टाकू नये. या चारही ओळींचं पालन कुणीच करत नसल्यामुळे पाटीबद्दल कुणाची तक्रारही नव्हती! गेल्या नोव्हेंबरात तिच्यावर ताज्या लाल रंगात पाचवी ओळ आली. ‘रिमोटची विमाने व ड्रोन उडविण्यास सक्त मनाई आहे.’ ही ओळ मात्र लगेच अमलात आली, कारण ती ज्यांच्यासाठी लिहिली होती ती पाच-सहा मुलं सांगितलेलं ऐकणारी आहेत.

ही ओळ चुकीची आहे असं माझं मत आहे. ते मी समितीच्या बैठकीत सांगितलं, तिथे ‘सर, तुम्ही कशाला पडता यात’ असं उत्तर मिळालं, म्हणून आता इथे जरा सविस्तर लिहितो आहे. माझ्या लिखाणाची ज्यांना सवय आहे त्या मंडळींनी (म्हणजे नागपूरच्या ताई, पुण्याचे चिरंजीव आणि नेहमीचे ब्लॉगकर मित्र) चहा जवळ घेऊन बसावं.

आमचं गाव येवला. येवल्याला माणसं दोन गोष्टींसाठी ओळखतात, पैठणी आणि पतंग. संक्रांतीला आमच्याकडे एक दिवस पुरत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, हलगी वाजत असते, आणि ज्यांना एरवी जिना चढायला त्रास होतो असे माझ्या वयाचे गृहस्थ हातात आसारी घेऊन उभे असतात. हवा कुठून येते, कधी पडते, पतंगाचा तोल कशाने जातो हे इथल्या मुलाला कुणी शिकवत नाही, ते त्याला येतंच. अशा गावात एखाद्या मुलाच्या डोक्यात विमान आलं तर त्यात नवल नाही. नवल हे, की ते त्यानं करूनही दाखवलं.

मुलगा नववीतला. घरी माग आहे. मागावर बारीक धागा तुटला की जोडायला वडील त्यालाच हाक मारतात, इतकी बोटं तरबेज. कुणाच्या तरी टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल आणून त्यानं ते गरम तारेनं पातळ कापलं, पंखाच्या पोटात पतंगाची कामटी घातली, सांधे चिकटपट्टीचे. पोस्टानं मागवलेली एक चिमुकली मोटर, बोटाच्या पेराएवढ्या दोन सर्व्हो (या शेपटीचे भाग हलवतात), आणि दोन सेलची बॅटरी. महाग असतो तो रिमोट. तो माझ्या नातवाकडे होता. नातू उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून आला तेव्हा दोघांची गाठ पडली आणि सुट्टी संपल्यावर रिमोट येवल्यातच राहिला. मग दर रविवारी सकाळी मैदानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात हे मंडळ जमायला लागलं. मोठं माणूस म्हणून कुणीतरी हवं, तर मी खुर्ची घेऊन बसायचो. आवाज म्हणाल तर टेबलफॅन जोरात लावल्यासारखा. आठ-दहा मिनिटांत बॅटरी संपते, की विमान खाली.

विमान पडतंही. एका रविवारी वाऱ्याच्या झोतानं ते चालायला आलेल्या ज्येष्ठांच्या घोळक्याजवळ उतरलं. कुणाला लागलं नाही. विमानाचाच एक पंख तुटला. पण पुढच्या बैठकीत विषय निघाला आणि दहा मिनिटांत ठराव झाला. त्या दहा मिनिटांत ‘ड्रोन’ हा शब्द मी अकरा वेळा मोजला. ‘विमान’ एकदाच आला, तोही मी उच्चारला.

माणसं घाबरली याचा मला राग नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आपण सगळ्यांनी टीव्हीवर रात्री आकाशात काय काय चमकताना पाहिलं. मुंबईसारख्या शहरांत पोलीस वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात, त्यांत ड्रोन, पॅराग्लायडर यांच्या रांगेत रिमोटवर चालणारी लहान विमानंही असतात. असा आदेश जिथे आणि जोपर्यंत लागू असेल, तिथे विमान पेटीतच राहिलं पाहिजे, त्यात वाद घालायचं कारण नाही. पण आमच्या पाटीवरची ओळ कुठल्या पोलिसांनी लिहिलेली नाही. ती आम्ही लिहिली. आणि लिहिताना दोन वेगळ्या गोष्टींमध्ये ‘व’ घालून त्या एक करून टाकल्या. ‘व’ हे अव्यय फार जपून वापरावं असं मी मुलांना सांगत असे.

ड्रोन आणि हे थर्माकोलचं विमान यांच्यात फरक काय? चार पंख्यांच्या ड्रोनला आत जायरो असतो, बहुतेकांना जीपीएस असतं, कॅमेरा असतो. हात सोडले तरी तो हवेत जागच्या जागी उभा राहतो. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर तरंगत राहण्याची सोय त्याच्यात आहे, आणि लोकांचा खरा आक्षेप तिथेच आहे, जो मला मान्य आहे. विमानाला उभं राहताच येत नाही. पंखावरून हवा वाहत राहिली तरच ते वर राहतं, वेग गेला की ते पडतं. त्याला कॅमेरा नाही, घराची वाट त्याला ठाऊक नाही. मुलाची नजर हटली की ते गेलं. (आता काही विमानांतही जायरो घालतात, पण आमच्या गरीब मंडळाकडे तो नाही आणि नसलेलाच बरा.) पतंग आणि सीसीटीव्ही यांच्यावर एकाच ओळीत बंदी घालावी, तसं हे झालं.

बैठकीत एकानं ‘सरकारची परवानगी आहे का’ असंही विचारलं. प्रश्न योग्य होता, म्हणून घरी येऊन नियम वाचले. केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला निघाले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंत वजनाच्या यंत्रांना ‘नॅनो’ म्हटलं आहे, आणि ती उडवायला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. करमणुकीसाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलचा उल्लेखही त्यांत वेगळा आहे. मात्र आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केलेले आहेत आणि ते सगळ्यांनाच लागू आहेत. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्या-लाल भागात परवानगीशिवाय काहीही उडवायचं नाही. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा पूर्वी ४५ किलोमीटरचा होता, तो २०२१ च्या नियमांत १२ किलोमीटरवर आणला. आम्हाला जवळचा विमानतळ शिर्डीचा, तो सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटर. तरीही उडवण्याआधी नकाशा बघायचा, ही सवय नातवानं सगळ्यांना लावली आहे. आमची मुलं विमान फार तर दोन नारळांच्या उंचीएवढं नेतात. त्यापलीकडे ते दिसतच नाही, आणि न दिसणारं विमान उडवता येत नाही.

वजन किती, हे पाहायला मी त्या मुलाला घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. बॅटरीसकट १९० ग्रॅम. दुकानदार म्हणाला, ‘सर, पाव किलोत बसलं!’ पाव किलो म्हणजे नेमकी कायद्याचीच मर्यादा, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक. अमेरिकेतल्या पुतण्याला विचारलं तर तिथेही हाच पाव किलोचा आकडा. करमणुकीसाठी उडवणाऱ्याला त्याहून जड असेल तर नोंदणी लागते, आणि सगळ्यांनाच एक छोटी फुकट परीक्षा ऑनलाइन द्यावी लागते. परीक्षा ही कल्पना मास्तर म्हणून मला अर्थातच पसंत आहे.

आता धोक्याबद्दल. धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारा माणूस मुलांच्या जवळ बसवू नये.

माझं विज्ञान कच्चं, म्हणून शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना हिशेब घालायला सांगितला. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण खडू हातात आल्यासारखे खुलले. १९० ग्रॅमचं विमान ताशी तीस किलोमीटरनं येऊन आदळलं तर त्यात साडेसहा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. लेदरचा क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या घरातला, पण तो बॅटीवरून ताशी सत्तरनं सहज सुटतो, म्हणजे तीस ज्यूल. साडेचार पट! शिवाय चेंडू कडक, आणि थर्माकोल स्वतःच मोडून मार खातं. आमच्या मैदानावर रोज संध्याकाळी लेदर चेंडूनं क्रिकेट चालतं. गेल्या पाच वर्षांत तीन खिडक्या आणि एका काकांचा चष्मा गेला. पाटीवर क्रिकेटची ओळ नाही. असावी असंही माझं म्हणणं नाही.

खरा धोका पंख्याचा. तो लहान दिसतो, पण फिरत असताना बोट घातलं तर चांगलं कापतो. म्हणून नियम असा, की बॅटरी जोडली की विमान फिरणारच आहे असं समजायचं, आणि पंख्याच्या समोर किंवा बाजूला कुणी उभं राहायचं नाही. दुसरा धोका बॅटरीचा. या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या नाजूक असतात. सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर भरल्या, टोचल्या, चेपल्या तर पेट घेऊ शकतात, आणि ३ व्होल्टच्या खाली उतरल्या तर खराब होतात. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. आमच्याकडे त्या मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करतात आणि चार्ज होईपर्यंत कुणीतरी समोर बसतं. बहुधा मीच. आमची ही म्हणते, स्वयंपाकघरात दुधाकडे कधी इतकं लक्ष दिलं नाही.

आणि पतंग? येवल्यात बसून पतंगाबद्दल वाकडं लिहिणं म्हणजे पंढरपुरात बसून वारीबद्दल लिहिण्यासारखं. मीही आसारी धरलेली आहे, बोटं कापून घेतलेली आहेत. पण नायलॉन मांजानं माणसांचे गळे कापले गेले, पक्षी किती मेले त्याची मोजदाद नाही. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतरच्या वर्तमानपत्रात दरवर्षी तीच बातमी असते. आपण काय केलं? पतंग बंद केला नाही, मांजा बंद केला. म्हणजे खेळ ठेवून त्यातली घातक गोष्ट काढायची, हा शहाणपणा आपल्याकडे आहे. तो विमानाच्या वाट्याला का आला नाही? कारण पतंग आमच्या लहानपणी होता आणि विमान नव्हतं, दुसरं काही नाही.

याच बैठकीतल्या मंडळींनी ऑक्टोबरात काय केलं होतं तेही सांगतो. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या एचएएलमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, तेव्हा कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो व्हिडिओ नऊ जणांनी टाकला, तिरंग्यासकट. त्याच्या आदल्या महिन्यात मिग-२१ निवृत्त झालं तेव्हाही गहिवर आला होता, कारण ओझरचा कारखाना साठच्या दशकात मिगसाठीच उभा राहिला आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. अभिमान रास्तच आहे. पण महिन्याभरात त्याच हातांनी पाचवी ओळ रंगवली. तेजस बनवणारी माणसं नववीत असताना काय करत होती, असं कुणाला वाटत असेल?

मास्तरकीत एक गोष्ट पक्की कळली. मुलाला जे हाताला लागतं ते डोक्यात राहतं. पाठ्यपुस्तकात ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. विमान करणारा मुलगा काय करतो, तर पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या मध्ये कुठेतरी दोन बोटं लावून विमान तोलून बघतो. नाक जड असेल तर ते आळशासारखं उडतं. शेपूट जड असेल तर ते आवरतच नाही, वर उठतं, थांबतं आणि कोसळतं. आमच्या पहिल्या विमानाची शेपूट जड होती, नाकाला एक रुपयाचं नाणं चिकटवलं आणि ते शहाणं झालं. पतंगाला मंगळसूत्र बांधताना एक बोट वर-खाली केलं की पतंग कसा बदलतो, हे त्या मुलाला आधीच माहीत होतं. त्याला नुसता शब्द हवा होता. तो शब्द मी दिला, माझं काम तेवढंच.

पण मला सगळ्यात आवडते ती दुसरीच गोष्ट. विमान आपल्यापासून दूर जात असताना उजवीकडे काठी दाबली की ते उजवीकडे वळतं. तेच वळून आपल्याकडे यायला लागलं, की त्याचं उजवं ते आपलं डावं. नवखा मुलगा इथे घाबरतो, उलटी काठी दाबतो आणि विमान आपटतो. यावर युक्ती अशी, की जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला काठी दाबायची, जणू पडणाऱ्या पंखाखाली टेकू देतोय. पण काही दिवसांनी मुलांना युक्तीचीही गरज राहत नाही. ती मनानं विमानात जाऊन बसतात. समोरच्याच्या जागी बसून त्याचं उजवं-डावं ओळखणं! हे मी मूल्यशिक्षणाच्या तासाला किती वर्षं खडू झिजवून सांगत होतो.

आणि मैदानात, बागेत खेळण्यातलं विमान उडवणं हा काही कालचा पोरखेळ नाही. फ्रान्सच्या आल्फाँस पेनो या तरुणानं १८७१ मध्ये रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान पॅरिसच्या त्विलरी बागेत उडवून दाखवलं. अकरा सेकंद उडालं ते. बागेत! राइट बंधूंच्या वडिलांनी १८७८ मध्ये मुलांसाठी जे उडतं खेळणं आणलं, तेही याच पेनोच्या धर्तीचं, बूच, बांबू आणि कागदाचं. पुढे त्या मुलांनी काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. रेडिओवर चालणारं मॉडेल अमेरिकेतल्या गुड नावाच्या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये उडवलं, आणि विजेच्या मोटरवरचं रेडिओ-विमान ब्रिटनमधल्या कर्नल टॅपलिन यांनी १९५७ मध्ये. (इथे कुणीतरी ‘पण आपल्या तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर’ असं म्हणणारच. त्या उड्डाणाचा भक्कम पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला देतात त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं आहे. १८९५ च्या वादात घालवलेला वेळ नववीतल्या पोराला थर्माकोल कापून देण्यात घालवला तर तळपद्यांनाही बरं वाटेल.)

‘गावाबाहेर जाऊन उडवा की’, हा बैठकीतला शेवटचा आणि सगळ्यात समंजस वाटणारा मुद्दा. त्यावर जरा थांबतो.

मॉडेल विमानं एके काळी गावाबाहेरच उडत, आणि त्याला कारण होतं. तेव्हा त्यांना इंजिनं असत, मिथेनॉल आणि एरंडेल तेलावर चालणारी. आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडचं मूल जागं व्हावं, आणि एरंडेलाचा धूर कपड्यांना चिकटायचा. रेडिओचंही अवघड होतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी रिमोट सुरू केला की एकाचं विमान गेलंच, म्हणून कोण कुठल्या चॅनलवर आहे त्याच्या चिमट्या फळ्यावर लावाव्या लागत. हे सगळं क्लबाच्या मोठ्या माळरानावरच जमणार. मग हलक्या बॅटऱ्या आणि मोटरा आल्या. २००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झवरचे रिमोट आले, जे एकमेकांच्या आड येत नाहीत, आणि त्याच वर्षी जानेवारीत भारत सरकारनं तो पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. म्हणजे ही पाव किलोची विमानं जन्मालाच आली ती घराजवळच्या मैदानासाठी. तुळशीला अंगण सोडून शेतात लाव म्हणावं, तसा हा सल्ला आहे.

बरं, गावाबाहेर म्हणजे कुठे? आमच्याकडे गावाबाहेर कांदा. कांद्याच्या वाफ्यात विमान पडलं आणि पोरं ते आणायला आत घुसली, तर शेतकरी जे बोलेल ते योग्यच असेल. मोकळं माळ हवं तर सात-आठ किलोमीटर जावं लागतं. माझ्या नातवाला त्याचे बाबा गाडीतून नेतील. मागावरच्या घरातल्या मुलाला रविवारी सकाळी कोण नेणार? तिथे रविवार असा वारच नसतो, ऑर्डर असते. त्याच्याकडे सायकल आहे आणि दीड तास आहे. दीड तासात सायकलवरून जे गाठता येतं तेवढंच त्याचं आकाश. पाचव्या ओळीनं विमान बंद होत नाही हो, फक्त गाडी नसलेल्याचं विमान बंद होतं. हे बोललो तेव्हा बैठक थोडी गप्प झाली, आणि मग कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

माझी मागणी मोठी नाही. रविवारी सकाळी साडेसहा ते आठ एवढाच वेळ, तेव्हा वाराही पडलेला असतो. पाव किलोच्या आतलंच विमान, कॅमेरा नाही. हवेत एका वेळी एकच. चालणाऱ्यांच्या वाटेवरून न्यायचं नाही, मैदानाचा पूर्वेचा निम्मा भागच वापरायचा. कुणी तरी मोठं माणूस हजर हवं, ते मी आहे आणि मी नसेन तर विज्ञानाचे सर यायला तयार आहेत. आणि झाडावर घारीचं घरटं असेल तेव्हा तिच्या मर्जीप्रमाणे, कारण घार विमानावर झडप घालते आणि तिच्याशी समितीचा ठराव करता येत नाही. हे सगळं पाटीवर मावायचं नाही म्हणाल, तर पाटीवर ‘ड्रोन’ राहू द्या आणि ‘रिमोटची विमाने व’ एवढे शब्द पुसा. मराठीच्या मास्तरानं सुचवलेली ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. एक ब्रश, पाव डबा रंग.

एक गोष्ट मात्र स्वतः ज्येष्ठ नागरिक असल्यामुळे बोलू शकतो. मला चौऱ्याहत्तरावं चालू आहे. आम्हा म्हाताऱ्यांना हल्ली मैदान शांत हवं असतं. बाकं आम्हाला, चालायची फरशी आम्हाला, हास्यक्लबाचा आरडाओरडा आमचा. समितीतही आम्हीच, कारण वेळ आम्हालाच. मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात ही तक्रार त्याच बाकांवर बसून आम्हीच करतो. आणि एखादा मुलगा डोकं वर करून आकाशाकडे बघायला लागला की त्याला पाटी दाखवतो. माझ्या वयाच्या वाचकांना हे झोंबलं तर झोंबू द्यावं.

अर्ज लेखी दिला आहे, पोच घेतली आहे. संक्रांत झाल्यावर बैठक आहे म्हणतात. दरम्यान त्या मुलानं पाटी माझ्यापेक्षा बारकाईनं वाचली. गेल्या रविवारी त्यानं विमानातली मोटर, बॅटरी, रिमोटचा डबा सगळं काढलं, नाकात नाण्यांचं वजन भरलं आणि ते नुसतं हातानं फेकायचं ग्लायडर करून मैदानात आणलं. सकाळच्या उन्हात फाटकापासून वडापर्यंत ते अगदी सावकाश गेलं. सेक्रेटरी फाटकात उभे होते. ते पाटीजवळ गेले, खिशातून चष्मा काढला आणि पाचही ओळी वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग मला म्हणाले, ‘सर, हे कशात बसतं?’